मदत हवी आहे : संथ, भावपूर्ण कोरियन मालिका सुचवाव्यात

नमस्कार. सोलमधील सांगमुन-दोंग या वस्तीतल्या पाच कुटुंबांची कथा सांगणारी 'रिप्लाय १९८८' ही मालिका मला सर्वांत जवळची वाटते, कारण तिच्यातील प्रेम हे शेजार, आईवडील आणि पैशांची ओढाताण यांच्यापासून वेगळे काढताच येत नाही. 'माय मिस्टर'मध्ये (२०१८) तर नायक-नायिकेत प्रणय नसूनही दोन थकलेली माणसे एकमेकांना ज्या रीतीने सावरतात, ते मला कोणत्याही प्रेमकथेहून अधिक उत्कट वाटले. त्याच दिग्दर्शकाची, किम वॉन-सोक यांची, जेजू बेटावर घडणारी 'व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरिन्स' (२०२५) ही मालिकाही पाहून झाली आहे.

याउलट श्रीमंत वारसदार, अचानक होणारा स्मृतिभ्रंश आणि बालपणीच्या योगायोगाने झालेल्या भेटी यांत माझे मन रमत नाही. अभिनय कितीही चांगला असला तरी.

अशा धाटणीच्या आणखी कोणत्या मालिका पाहाव्यात? आईसोबत पाहायच्या असल्याने आणि तिला इंग्रजी उपशीर्षके भराभर वाचणे जमत नसल्याने हिंदी ध्वनिमुद्रण उपलब्ध असल्यास तेही कृपया कळवावे. शेवट दुःखद असला तरी चालेल, मात्र तो उरकलेला नसावा.