टर्नरच्या चित्रातल्या शेळ्या: भग्नावशेषांत रोजचं जगणं असावं का?

सांजपर्व: इंग्रज चित्रकार टर्नरचं 1839 चं 'मॉडर्न रोम: काम्पो वाच्चिनो' हे चित्र पाहून लिहितेय. एकीकडे चंद्र वर येतोय, दुसरीकडे सूर्य मावळतोय, मागे कोलोसियम धूसर झालंय आणि पुढे शेळ्या, गुराखी, आपापल्या कामात गुंतलेली माणसं. काम्पो वाच्चिनो म्हणजे गायरान. ज्या फोरममधून, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकातून, साम्राज्य चाललं, तिथे गुरं चरत होती. मला हे अवशेषांचं सर्वांत जिवंत रूप वाटतं. आज तिथे तिकीट काढून जायचं आणि आखलेल्या वाटेनं फिरायचं. उत्खननानं दगड मिळाले, जागा मात्र गेली.

खापरी: अजिबात पटलं नाही. तिथल्या एका उंच खांबाचं उदाहरण घ्या. तो कुणाचा, हे शतकानुशतकं ठाऊक नव्हतं. 1813 मध्ये पायथ्याची माती काढली, लेख सापडला आणि कळलं की सम्राट फोकासच्या सन्मानार्थ तो 608 मध्ये उभारला होता. गुरं चरत राहिली असती तर तो लेख मातीखालीच राहिला असता. शिवाय त्या 'रोजच्या जगण्यात' संगमरवर भट्टीत भाजून चुना करणंही होतं. सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामासाठी इथलेच दगड उचलले. ते चित्रात दिसत नाही.

सांजपर्व: चुनाभट्ट्यांचं मान्य. पण अवशेष 'मोकळे' करण्याच्या नावाखाली काय झालं तेही बघा. मुसोलिनीनं वस्ती पाडून कोलोसियमपर्यंत रुंद रस्ता काढला, 1932 मध्ये त्याचं उद्घाटन झालं. हजारो लोकांची घरं गेली, आणि शेजारच्या, सम्राटांनी बांधलेल्या फोरमचा मोठा भाग त्याच रस्त्याखाली गाडला गेला!

खापरी: तो सत्तेच्या मिरवणुकांसाठी काढलेला रस्ता होता. त्याचा दोष खुरपं घेऊन बसणाऱ्यांच्या माथी का मारता?

कुंचला: तुम्ही दोघंही चित्राला पुरावा धरताय. टर्नर 1829 च्या सुरुवातीला रोमहून परतला, चित्र प्रदर्शनात लागलं दहा वर्षांनी. आणि ते एकटं नव्हतं, सोबत 'एन्शंट रोम' होतं: अ‍ॅग्रिपिना आपल्या नवऱ्याच्या, रोमन सेनापती जर्मेनिकसच्या, अस्थी घेऊन किनाऱ्याला उतरतेय, मागे भव्य नगरी. प्राचीन म्हणजे वैभव, आधुनिक म्हणजे शेळ्या. एका इंग्रजानं त्या काळच्या रोमकरांना दिलेली ही ओळख आहे. मला ती खटकते. त्या शहरात तेव्हा छापखाने होते, वकील होते, उत्खनन करणारे मजूरही होते.

सांजपर्व: जोडीचा मुद्दा बिनतोड आहे. तरी प्रकाश बघा ना! तो कोलोसियमवर पडतो तसाच माणसांवरही पडतो. हिणवायचं असतं तर त्यांना अंधारात ढकलणं सोपं होतं.

खापरी: प्रकाश सुंदर आहे, वादच नाही. पण त्या प्रकाशात एकही इमारत नीट ओळखू येत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.