आपटा, कांचन आणि सोनं

प्रश्न : दसऱ्याला नाशिकमध्ये गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, सोनं घ्यायला गेले होते. एका मावशींकडे मोठी, लांबट, गुळगुळीत पानं होती. शेजारी पेठ तालुक्यातून आलेल्या आजींच्या टोपलीत लहान, जाड, खरखरीत पानं. दोघीही ‘आपटाच आहे’ म्हणाल्या. मग आपटा नक्की कोणता? ‘कांचन’ हे त्याचंच दुसरं नाव का?

उत्तर : ताई, आजींचा आपटा खरा. मावशींची पानं कांचनाची.

दोन्ही झाडं एकाच बौहिनिया प्रजातीतली, म्हणून पान दोघांचंही जोडलेलं. बौहिन आडनावाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून हे नाव पडलं, दोन दलं म्हणजे दोन भाऊ. आपल्याकडे अमरकोशात कोविदाराला, म्हणजे कांचनाला, ‘युगपत्रक’ म्हटलंय, ते याच जोडपानामुळे. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंद, हाताला चरचरीत लागतं. विड्या वळायलाही वापरतात. कांचनाचं लांब, पातळ, लवकर मलूल होणारं. फुलांवरून तर चूक होणारच नाही: कांचनाची मोठी, जांभळी-गुलाबी; आपट्याची बारीक, फिकट पिवळसर, उन्हाळ्यात येणारी.

घोळ शब्दामुळेच झाला असावा, असं मला वाटतं. कांचन म्हणजे सोनं! नावातच सोनं असलेलं झाड बागेत सहज मिळत असताना रानातल्या आपट्यापर्यंत कोण जाणार? पण पूजेचा मंत्र ‘अश्मन्तक महावृक्ष महादोषनिवारण’ असा आहे आणि अश्मंतक म्हणजे आपटा. झाड बुटकं, वेडंवाकडं. तरी त्याला ‘महावृक्ष’ म्हणून हाक मारली आहे, हे मला फार आवडतं.

वापराचं म्हणाल, तर ‘सोनं’ हे झाडाचं नाव नाही. फांदीवर असतो तो आपटा. हातावर ठेवून ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हटलं की त्याचं सोनं होतं. गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटी मोहरा घेऊन उरलेल्या लोकांना लुटू देणाऱ्या कौत्साची गोष्ट लोकांनी या पानाशी जोडली, म्हणून क्रियापदही ‘लुटणे’. तेव्हा कांचनाच्या पानाला कुणी प्रेमाने सोनं म्हटलं तर म्हणू द्यावं. आपटा मात्र म्हणू नये. त्याने एका झाडाचं नाव पुसलं जातं.

प्रश्नकर्ती : धन्यवाद दादा. पुड्यात दोन्ही निघाली! सासूबाई दोन्हीला ‘सोन्याची पानं’च म्हणतात. मुलीला मात्र एकेक पान चुरगाळायला दिलं. खरखरीत पानाला तिने आपणहून आपटा म्हटलं.