एंडोस्कोपी शिकले म्हणजे झालं का?

लहान मुलांच्या पोटविकाराच्या फेलोशिपमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या विशेष प्रशिक्षणात, स्कोपवर (दुर्बिणीच्या नळीने पोट आतून बघण्यावर) हात बसायला हवा, असं काही जण म्हणतात, ते पटतं. पण 'पोषणाचा भाग वॉर्डात आपसूक येतो' हे त्यांचं म्हणणं अजिबात पटत नाही. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या डॉक्टरला स्कोप क्वचितच हातात मिळेल. तीव्र कुपोषित लेकरू मात्र हमखास समोर येईल. आणि तिथे चूक होते ती दुधाच्या भांड्यात. एफ-७५, म्हणजे अशा मुलाला सुरुवातीला द्यायचं उपचाराचं दूध, गाईच्या दुधापासून करताना ३०० मिली दूध, १०० ग्रॅम साखर, २० मिली तेल आणि २० मिली खनिज द्रावण घेऊन एकूण १००० मिली 'होईपर्यंत' पाणी घालायचं असतं. बरेचदा वरून अख्खं लिटर पाणी ओततात. मिश्रण पातळ होतं, उष्मांक पडतात आणि वजन का वाढत नाही म्हणून सगळे औषध बदलत बसतात.

एफ-७५ ची मात्राही हाताने काढता यायला हवी. सूज नसलेल्या ६ किलोच्या मुलाला १३० मिली प्रतिकिलो म्हणजे दिवसाला ७८० मिली, दर दोन तासांनी ६५, रात्रीही. रात्रीचा फीड चुकला की पहाटे रक्तातली साखर उतरते. एफ-१०० वर, म्हणजे पुढच्या टप्प्याच्या जास्त उष्मांकाच्या दुधावर नेताना पहिले ४८ तास तेवढंच प्रमाण ठेवायचं. पुढे नाडी मिनिटाला २५ ने आणि श्वास ५ ने वाढून चार तासांनीही तसंच राहिलं, तर आधी फीड कमी करायचा. भूक आली म्हणून आईला वाटीभर जास्त पाजू देणं हृदयावर येतं. हे रात्रपाळीच्या सिस्टरसोबत उभं राहूनच शिकवावं लागतं.