साखळी स्पर्धेत गुण सारखे झाले तर वर कोण?

मिरज_जंक्शन:
दिवाळीनंतर मिरजेत आम्ही सहा संघांची फुटबॉलची साखळी स्पर्धा घेतोय. प्रत्येकाची प्रत्येकाशी एकच मॅच, म्हणजे १५ सामने. फायनल नाही, टेबलात पहिला तो विजेता. जिंकल्यावर ३ गुण, बरोबरीला १. मागच्या एका स्पर्धेत वरच्या दोघांचे गुण सारखे झाले, नियम कुठंच लिहिलेला नव्हता, आयोजकांनी ऐनवेळी नाणं उडवलं. हरलेली पोरं बक्षीस समारंभाला थांबलीच नाहीत. यंदा पत्रकातच नियम छापायचाय. गोलफरक (मारलेले गोल वजा खाल्लेले) लिहू की त्या दोघांची आपसातली मॅच?

उजवा_विंगर:
गोलफरक. हिशोब सोपा आणि सगळ्यांना माहीत. इंग्लंडच्या लीगमध्ये २०११-१२ ला मँचेस्टर सिटी आणि युनायटेड दोघांचे ८९ गुण होते. सिटी +६४, युनायटेड +५६. विषय संपला.

विश्रामबाग_बॅकलाइन:
मी आपसातल्या मॅचच्या बाजूचा आहे. वरचं उदाहरण बरोबर आहे, पण त्या मोसमात युनायटेडला सिटीनं दोन्ही वेळा हरवलं होतं, ६-१ आणि १-० असं. कुठलाही नियम लावला तरी सिटीच वर.

मी मुंबई सिटीचा माणूस, त्यामुळं हा प्रश्न जिव्हाळ्याचा. २०१६ ला आमचा संघ साखळीत पहिला आला, सेमीफायनलला हरला आणि हातात काहीच पडलं नाही, कारण तेव्हा साखळीत पहिलं येण्याला आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) ढालच नव्हती. ती २०१९-२० ला सुरू झाली आणि पहिली एफसी गोवा संघानं नेली. पुढच्या मोसमात कोविडमुळं सगळ्या मॅच गोव्यात, प्रेक्षकांविना. शेवटच्या दिवशी, २८ फेब्रुवारी २०२१ ला, एटीके मोहन बागान ४० गुणांवर आणि आम्ही ३७ वर. समोरासमोर मॅच. आमच्या फाल आणि ओगबेचेनं गोल मारले, २-०. दोघंही ४० वर आले. जानेवारीतली मॅचही आम्ही १-० जिंकली होती, म्हणून ढाल आमची. गोलफरकही आमचाच जास्त होता, पण मला समाधान याचं की ज्यांच्याशी बरोबरी झाली त्यांना आम्ही मैदानात हरवलं होतं. १५ एप्रिल २०२४ ला उलटं झालं. कोलकात्यात आम्हाला नुसती बरोबरी पुरत होती, बागाननं २-१ मारलं आणि ४८ विरुद्ध ४७ नं ढाल नेली. फार लागलं मनाला, पण तक्रारीला जागा नव्हती.

नियमानं खरंच निकाल फिरतो तो स्पेनमध्ये बघा. २००६-०७ ला रिआल माद्रिद आणि बार्सिलोना दोघांचे ७६ गुण. गोलफरकात बार्सिलोना कितीतरी पुढं, पण आपसात रिआलनं एक मॅच २-० जिंकलेली आणि दुसरी ३-३ सुटलेली. विजेतेपद रिआलला.

आपल्याकडं तर गोलफरक आणखी अडचणीचा. सहातला एखादा संघ नवख्या पोरांचा असतो. त्याच्यावर कुणी दहा गोल चढवले की टेबल तिथंच वाकडं होतं. शिवाय शेवटच्या मॅचला त्या संघाची निम्मी पोरं परीक्षेला किंवा लग्नाला गेलेली असतात, त्या दिवशी ज्याची गाठ पडली त्याचं नशीब. आणि आधीच हरलेल्या पोरांवर गोल चढवत राहायला मी तरी कुणाला सांगणार नाही.

मिरज_जंक्शन:
पटलं. पण एकच फेरी आहे, आपसातली मॅचच बरोबरीत सुटली असेल तर? आणि तिघांचे गुण सारखे झाले तर?

विश्रामबाग_बॅकलाइन:
तिघं असतील तर फक्त त्या तिघांच्या आपसातल्या मॅचचं छोटं टेबल मांडायचं, बाकीच्यांविरुद्धचे निकाल बाजूला. त्यातही गुण सारखे आले तर त्याच मॅचमधला गोलफरक, मग पूर्ण स्पर्धेतला गोलफरक, मग एकूण मारलेले गोल. दोघांची मॅच बरोबरीत सुटली असेल तर सरळ पूर्ण स्पर्धेचा गोलफरक. एवढं करूनही वरचे दोघं सारखेच निघाले तर एक जादा मॅच ठेवा, मैदान एक दिवस जास्त घ्यावं लागलं तरी चालेल. पण नाणं नको.

उजवा_विंगर:
आपसातली मॅच आधी, हे मान्य. पण पुढच्या पायरीला गोलफरक येतोच, म्हणून न आलेल्या संघाविरुद्ध ३-० धरायचं हेही छापा. आणि कुणी अर्ध्यातून स्पर्धा सोडली तर त्याचे सगळे निकाल रद्द. नाहीतर ज्यांची त्याच्याशी मॅच झाली त्यांना तीन गुण फुकट आणि बाकीचे बघत बसणार.

मिरज_जंक्शन:
हे दोन्ही घेतो. ड्रॉ काढायच्या दिवशी सहाही कॅप्टनना कागद वाचून दाखवतो आणि सह्या घेतो. विश्रामबागवाले, तुम्ही त्या दिवशी याल का? तिघांचं टेबल पोरांना समजावून सांगायला माणूस हवाय.

विश्रामबाग_बॅकलाइन:
येतो की. वेळ कळवा, फळा आणि खडू तेवढा ठेवा.