द्रुत तान हळू केली की मींड थरथरते, काय करावं?

पावा_नवखा: बासरी शिकतोय. एका गवयाच्या जुन्या रेकॉर्डिंगमधली द्रुत तान (स्वरांची वेगवान मालिका) ऐकून उतरवून घ्यायची आहे. सेकंदाला आठेक स्वर जातात, मूळ गतीत हाती काही लागत नाही. ऑडॅसिटीत (आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर) टेम्पो निम्मा केला तर स्वर मोजता येतात, पण तबला फिसकटतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणारा सूर, थरथरते. अजून हळू करू की सॉफ्टवेअर बदलू? शिवाय रेकॉर्डिंगचा सा पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्येच कुठेतरी आहे, माझी बासरी त्याला लागत नाही.

गजर: ट्रान्स्क्राइब घ्या. खास याच कामासाठी आहे, हवा तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवता येतो.

पेटीवाला: सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, दुखणं तेच राहणार. पट्टी न बदलता गती कमी करायची म्हणजे आवाजाचे काही मिलिसेकंदांचे तुकडे पाडायचे आणि ते एकमेकांवर चढवत लांबवर पसरायचे. लांब, स्थिर सुरावर हे खपून जातं. तबल्याची थाप मात्र क्षणात संपणारी, ती पसरली की फिसकटणारच. मींडेत सूर सतत सरकत असतो, म्हणून सांधे जुळत नाहीत. ५०% च्या खाली गेलात तर थरथर वाढेल, कळणार काहीच नाही.

मी टेपच्या काळात शिकलो. टेपचं स्पूल सेकंदाला साडेसातऐवजी पावणेचार इंचांच्या गतीवर लावायचं, की गाणं निम्म्या वेगाने आणि बरोबर एक सप्तक खाली. आजही मी तेच करतो. ऑडॅसिटीत ‘चेंज टेम्पो’ सोडा, वेग आणि पट्टी एकत्र बदलणारा इफेक्ट घ्या. त्यात तुकडे पाडणं नाही, म्हणून मींड अखंड राहते. गवई राक्षसासारखा घुमतो, त्याकडे लक्ष देऊ नका. आपल्याला सरगम हवी आहे, आणि ती सा कुठे धरला यावर ठरते. निम्म्या वेगाला सा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, सा वर येतो. ७५% ला पेटीच्या पाच पट्ट्या (काळ्या-पांढऱ्या दोन्ही धरून) उतरतो, म्हणजे जवळजवळ मूळच्या मंद्र पंचमावर. तोच सा धरा आणि पुढचे स्वर ओळखा.

पट्टीचं दुखणंही यानेच जातं. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप, १०० सेंट म्हणजे एक पट्टी. वेग २.९% कमी केला की सूर ५० सेंट उतरतो, तेवढ्याने गती बिघडल्याचं कानाला कळतही नाही. जुन्या ध्वनिमुद्रणांची चालच बऱ्याचदा थोडी इकडेतिकडे असते. आधी सा जुळवा, मग तानेला हात घाला.

आणि हो, तीन-चार सेकंदांहून मोठा तुकडा घेऊ नका. आधी तोंडाने म्हणा, बासरी नंतर. बोटांना सवयीच्या जागा असतात, ती ऐकलेलं सोडून तिकडेच पळतात.

गज_फिरवणारी: पेटीवाले, हे सरसकट पटत नाही. मला व्हायोलिनवर सोबत वाजवायचं असतं. ७५% ला पाच पट्ट्या खाली गेलेल्या गाण्याबरोबर वाजवायचं तर सगळी बोटंच बदलतात. शिवाय खर्जातला, म्हणजे अगदी खालच्या सुरांचा, आवाज निम्म्या वेगाला नुसता गदगदतो.

पेटीवाला: खर्जाचं मान्य. तिथे उलट सूर एक सप्तक वर नेऊन ऐका, स्पष्ट होतो. सोबत वाजवायला टेम्पोच बदला, पण ८०-८५% वर. तिथवर थरथर फारशी जाणवत नाही. मी उतरवून घेण्याबद्दल बोलतोय, रियाज हे वेगळं काम.

पावा_नवखा: वेग निम्मा करून ऐकलं. मींड खरंच सलग आली! पण अवरोहात ग आणि रे च्या मध्ये काहीतरी आहे, पूर्ण स्वर की कण (दुसऱ्या स्वराला नुसता स्पर्श) ते ठरत नाही. सॉनिक व्हिज्युअलायझर या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या सुरांचं चित्र) पाहिला तर एकावर एक दहा रेघा.

पेटीवाला: ते एकाच सुराचे उपस्वर, म्हणजे त्याच्यासोबत आपोआप वाजणारे वरचे सूर, हार्मोनिक्स. सगळ्यात खालची रेघ साधारण मूळ स्वराची, पण तानपुरा मागे असेल तर त्याच्याही रेघा मिसळतात. गायकाच्या रेघा एकदम वरखाली होतात, तानपुऱ्याच्या जागच्या हलत नाहीत, त्यावरून ओळखा. आता तेवढीच जागा मूळ गतीला ऐका. तिथे तो स्वर स्वतंत्र ऐकू येत नसेल आणि रे ला नुसता झोका बसत असेल, तर कण समजा. हळू ऐकून त्याला पूर्ण स्वर म्हणून वाजवलंत, तर गती वाढवल्यावर तान एका स्वराने लांबेल आणि सम (तालाची पहिली मात्रा) चुकेल.