परदेशी भाषा विभागाच्या वार्षिक अहवालात विद्यार्थी-प्राध्यापकांचं यश कसं नोंदवायचं?

अहवाल_समिती:
फ्रेंच, जर्मन, जपानी, स्पॅनिश अशा चार भाषांच्या विभागाचं ‘उल्लेखनीय यश’ हे पान तयार करायचंय. आलेल्या नोंदी अशा: ‘जर्मन बी१ झाली’ (ए१ ते सी२ या युरोपीय भाषापातळ्यांतली मधली पातळी), ‘आंतरराष्ट्रीय परिषदेत सहभाग’, ‘लेख प्रकाशनाच्या मार्गावर’, ‘कथांचा अनुवाद केला’. यातलं काय घ्यावं, कुठला पुरावा मागावा, आणि वेगवेगळ्या भाषांच्या परीक्षा एकाच तक्त्यात मांडता येतील का?

शब्दवेल्हाळ:
एका तक्त्यात मांडा, पण ‘पातळी’ या एकाच रकान्यात सगळं कोंबू नका. या परीक्षा मोजतात त्या गोष्टीच वेगळ्या आहेत.

जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेत (एन५ सर्वांत सोपी पातळी, एन१ सर्वांत अवघड) बोलणं आणि लेखन तपासतच नाहीत. एन१ला १८०पैकी १०० आणि एन२ला ९० गुण लागतात, शिवाय भाषाज्ञान, वाचन आणि ऐकणं या तिन्ही विभागांत प्रत्येकी ६०पैकी किमान १९. एकूण गुण भरले पण ऐकण्यात १८ पडले, तर नापास. त्यामुळे ‘एन२ म्हणजे बी२’ असं सरसकट लिहू नये. फ्रेंचच्या डेल्फमध्ये चारही कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण. उत्तीर्ण व्हायला एकूण ५० आणि प्रत्येक कौशल्यात किमान ५. म्हणजे बोलण्यात जेमतेम असलेला विद्यार्थीही वाचनाच्या जोरावर बी२ मिळवू शकतो. जर्मनसाठीच्या ग्योथे संस्थेच्या बी१ परीक्षेत मात्र चारही भाग स्वतंत्र, प्रत्येकात १००पैकी ६० हवेत, आणि ते वेगवेगळ्या वेळी देता येतात. म्हणून ‘बी१ झाली’ म्हणणाऱ्याला चारही भाग झालेत का, हे आधी विचारा. तीन झाले असतील तर ‘बी१चे तीन भाग उत्तीर्ण’ असंच छापा.

नोंदीत परीक्षेचं पूर्ण नाव, पातळी आणि परीक्षेचा महिना-वर्ष हवं. निकालाची तारीख धरली की घोळ होतो: डिसेंबरमधल्या जेएलपीटीचा निकाल पुढच्या वर्षी लागतो, मग तेच यश दोन अहवालांत येतं. प्रमाणपत्राची मुदतही बघा. फ्रेंचची डेल्फ व डाल्फ आणि स्पॅनिशची देले कायमची असतात. स्पॅनिशची सिएले पाच वर्षं, फ्रेंचची टीसीएफ दोन वर्षं.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. किती जण बसले तेही द्या. नुसतं ‘नऊ उत्तीर्ण’ वाचून काही कळत नाही. बारापैकी नऊ की चाळीसपैकी नऊ, यावर सगळं अवलंबून आहे. शून्यापासून सुरुवात करून ए२ गाठलेली तुकडी आणि बी१ घेऊनच प्रवेश केलेला विद्यार्थी यांना एका ओळीत बसवलं, तर पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्यांची मेहनत दिसतच नाही.

तळटीप:
प्राध्यापकांच्या लेखांसाठी तीनच स्थिती ठेवा: स्वीकृत, ऑनलाइन प्रकाशित, अंकात प्रकाशित. ‘पाठवला आहे’ किंवा ‘मार्गावर’ हे यशाच्या पानावर येत नाही. स्वीकृतीसाठी संपादकांचं पत्र घ्या. बाकी दोन्हींसाठी डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) असेल तर तो स्वतः उघडून पाहा. नियतकालिक संशोधन-नियतकालिकांच्या एखाद्या सूचीत असल्याचा दावा असेल, तर ती खात्री सूचीच्याच संकेतस्थळावर करा, नियतकालिकाच्या नाही. नामांकित नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) चोरून बनावट संकेतस्थळं चालवली जातात. मुखपृष्ठ पाहून ती ओळखू येत नाहीत.

लेख आधी ऑनलाइन येतो आणि अंक पुढच्या वर्षी निघतो. तो पहिल्यांदा आला त्याच वर्षी मोजा. पृष्ठक्रमांक नंतर भरता येतात. सहलेखकांचा क्रम छापील लेखातलाच ठेवा, विभागातलं नाव पुढे आणू नका. रोमन लिपीत एकाच नावाची दोन-तीन स्पेलिंग होतात, म्हणून संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक मागून घ्या.

‘सहभाग’ हा शब्द परिषदेच्या नोंदीतून काढूनच टाका. बीजभाषण, निमंत्रित व्याख्यान, निवड होऊन वाचलेला निबंध, सत्राचं अध्यक्षपद, श्रोता म्हणून उपस्थिती: यातलं नेमकं काय ते लिहा. शेवटचं या पानासाठी नाही.

दुभाषी:
अनुवादाच्या नोंदीत मूळ कृती, लेखक, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत, थेट की मधल्या भाषेवरून, संपूर्ण की उतारा, आणि प्रकाशक व आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) हवेत. थेट जपानीतून केलेलं काम आणि इंग्रजीवरून केलेलं काम यांत कष्टांचा मोठा फरक असतो. भाषा विभागानेच तो लपवला तर मग दाखवणार कोण?

हक्कांची परवानगी तपासा. बर्न या आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारानुसार अनुवादाचा हक्क मूळ लेखकाचा असतो. संरक्षण सर्वसाधारणपणे किमान हयात अधिक ५० वर्षं, बऱ्याच देशांत ७०. वर्गात सरावासाठी केलेला अनुवाद परवानगीशिवाय अहवालासोबत जाहीर करू नका. केल्याची नोंद घ्या, मजकूर देऊ नका.

अहवाल_समिती:
खूप उपयोगी पडतंय. शिष्यवृत्त्यांचं काय?

शब्दवेल्हाळ:
नुसतं ‘डाड’ (जर्मनीची शिष्यवृत्ती) किंवा ‘मेक्स्ट’ (जपान सरकारची) लिहून पुरत नाही. डाडची उन्हाळी अभ्यासक्रमासाठीची मदत काही आठवड्यांची असते आणि पदव्युत्तर शिष्यवृत्ती पूर्ण अभ्यासक्रमाची. मेक्स्टमध्येही जपानी अभ्यासाची साधारण वर्षभराची आणि संशोधनाची वेगळी. प्रकार, कालावधी, आणि निवड झाली की रुजूही झाले, हे लिहा. निवड होऊन न गेलेल्यांचं यशही खरंच आहे, फक्त ‘निवड’ असा शब्द वापरा.

विद्यार्थ्यांची लेखी संमती घ्या. नाव, फोटो आणि गुण यांसाठी वेगवेगळी. गुण छापायची गरज सहसा नसते. पडताळणीसाठी प्रमाणपत्राची प्रत कार्यालयात ठेवली की पुरे.