विटनीची विंडरश नदी उगमापासून बघायची आहे

पाटकरी कोल्हापूर:
नमस्कार मंडळी. पाटबंधारेतून रिटायर झालोय. जूनमध्ये लेकीकडं, इंग्लंडात विटनीला चाललोय. गावातनं विंडरश नदी वाहते म्हणे. जावयांनी फोटो पाठवला, तर आमच्या शेताकडचा ओढा मोठा! पंचगंगेच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालण्या-काढण्यात जन्म गेला. नदी म्हटली की उगम ते संगम बघितल्याशिवाय चैन पडत नाही. काठानं चालता येतं का?

राजारामपुरीची सून:
काका, फोटोवर जाऊ नका. लांबी ६५ किलोमीटरच्या आसपास आहे. प्रयाग चिखली ते नरसोबावाडी पंचगंगेपेक्षा पंधराएक किलोमीटरच कमी. उगम कॉट्सवोल्डच्या डोंगरात, कट्सडीन गावाच्या वरच्या अंगाला. डोंगर चुनखडीचा, त्यामुळे पाऊस आत मुरतो आणि झऱ्यांवाटे सावकाश बाहेर येतो. म्हणून तर उन्हाळ्यातही धार टिकते. पुढं नॉन्टन, बोर्टन, बर्फर्ड, विटनी करत न्यूब्रिजला थेम्सला मिळते.

सलग काठानं नाही जाता येत. बरीच जमीन खासगी आहे. पण नकाशात सार्वजनिक पायवाट दाखवली असेल तर शेतातनंही बिनधास्त जायचं, कुणी अडवत नाही. फक्त फाटक उघडलं की मागं लावून घ्यायचं, गुरं असतात. विंचकंब ते बोर्टन 'विंडरश वे' नावाची पायवाट आहे, साधारण २२ किलोमीटर. गुडघे कुरकुरत असतील तर मिन्स्टर लव्हेल गाठा. पंधराव्या शतकातला पडका वाडा थेट नदीला लागून आहे, जेवणाचा डबा तिथंच उघडा.

तालमीचा गडी:
अहो ताई, बोर्टनचा फुटबॉल राहिला की! ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी नदीच्या पात्रातच गोलपोस्ट लावतात. सहा-सहा गडी, पाणी घोट्या-गुडघ्याएवढं, काठावरची पब्लिकपण चिंब. शंभरावर वर्षं चाललंय. नाद खुळा! आपल्या फुटबॉलवेड्या पेठांना सांगू नका, पंचगंगेत मॅच लावतील.

पाटकरी कोल्हापूर:
मग ऑगस्टपर्यंत मुक्काम वाढवतो. बंधारे, पूर वगैरे?

राजारामपुरीची सून:
जुन्या पाणचक्क्यांचे बांध नि दारं आहेत. विटनीची ब्लँकेटं याच पाण्यावर निघायची, शेवटची मोठी गिरणी २००२ मध्ये बंद झाली. पूर येतो की, जुलै २००७ मध्ये विटनीत घराघरांत पाणी होतं. आपण राजाराम बंधाऱ्याचे ३९ (इशारा) नि ४३ (धोका) फूट बघतो, तसे तिथले आकडे सरकारी वेबसाइटवर मीटरमध्ये मिळतात. विटनीच्या खाली नदी दोन फाट्यांत वाहते, ते मात्र तुम्ही स्वतः बघा. पाटबंधारेवाल्यालाच त्यात रस वाटायचा.